मागच्या रांगेतला सूर

मुरुड, १९ डिसेंबर १९५४, रविवार
मुंबईच्या कॉलेजातल्या प्रोफेसरांचं पत्र. वीस मुलं-मुली घेऊन येतात. गावातले तेवढेच मिळवून किनाऱ्यावर समूहगान. विषय ठेवलाय 'उजाडणार आहे'. तारीख मलाच विचारली. उघड्यावर दिव्यांची सोय नाही म्हणून ८ जानेवारी कळवली, पौष पौर्णिमा. सौ. म्हणाली, कधी नव्हे ती अक्कल चालली.

२३ डिसें., गुरु.
अक्कल कसली. कोळीवाड्यात तालमीचं बोलायला गेलो तर पुरुष हसायलाच लागले. पौर्णिमा म्हणजे उधाण, आणि उधाणाला सगळ्या होड्या जाळ्यांवर. माणसं हवी होती तर अष्टमी धरायची. तेव्हा भांगाची भरती, पाण्याला ओढ नाही, होड्या किनाऱ्यावर. सतरा वर्षं या गावात गाणं शिकवतोय आणि पंचांगात फक्त एकादशी बघतो. आता आगबोटीची तिकिटं निघाली. नुसत्या बायांवर भागवायचं. बारा जणी.

२८ डिसें., मंगळ.
बारा जणींचे बारा सूर. हिराबाई हवी. लग्नात धवले गायची तेव्हा पलीकडच्या आळीतली माणसं हातातलं काम ठेवून... तीन वर्षांपूर्वी नवरा होडीसकट गेला. फळीसुद्धा हाती लागली नाही. प्रेत नाही म्हणून क्रिया नाही, बारा वर्षं वाट बघायची. तोवर सवाशीण नाही नि विधवाही नाही. लग्नाला कोणी बोलावत नाही. गाणं बंद.
घरी गेलो. मासळी निवडत होती. माझं सगळं सांगून झालं तरी वर बघितलं नाही. मग म्हणाली, "मास्तर, माझा कुकू पुसाया कोन येत नाय, आन् लावलेला कोनाला बघवत नाय. मी कोनाच्यात उभी राहू?"
म्हटलं, माझ्या पेटीजवळ उभ्या राहा.

२ जाने. १९५५, रवि.
आली. दुसऱ्या ओळीला बाकीच्यांचे आवाज आपोआप तिच्या मागे लागले. मी पेटीचा भाता बघतोय असं दाखवून मान खाली घातली.

४ जाने., मंगळ.
चौघीच आल्या. बारा जणींतली पारूबाय दारातूनच बोलली. तिचा एकुलता मुलगा यंदा प्रथमच स्वतःची होडी नेतो. "आमची मानसं उधानात आसतील, आन् हिनं पुढं उभं राहून गायाचं? दर्याला तिची याद कशाला द्यायची?"
राग आला, फार आला. पण पुरुष किनाऱ्यावर असते तर हा प्रश्नच निघाला नसता. तारीख माझी.
हिराबाईनेच तोडगा काढला. मागच्या रांगेत उभी राहीन, तोंड उघडणार नाही. मी मान डोलावली. भित्रा.

५ जाने.
बाराच्या बारा हजर. सूर गायब. घसा बसला, सौ.ने ज्येष्ठमध दिला.

८ जाने., शनि., पौर्णिमा
संध्याकाळी डोंगरामागून चंद्र आला तेव्हा गाव जमलं होतं. कॉलेजची मुलं कागदावरून गातात, स्वच्छ गातात. शेवटचं गाणं मुलांचं आणि बायांचं मिळून. तेवढ्यात वारा उठला, पेटी ऐकू येईना. मुलांनी भलत्याच वरच्या पट्टीत उचललं. बायांचे आवाज फाटले, एकेक गप्प झाली. मी पेटी थांबवली, मागे वळलो आणि म्हटलं, "हिराबाई, गा."
तिने आधी समुद्राकडे बघितलं. मग गायली. खाली, तिच्या पट्टीत. मुलं उतरून तिच्याकडे आली, बाया आल्या. पारूबायसुद्धा, डोळे मिटून.
असं गाणं माझ्या हातून पुन्हा होईल असं वाटत नाही.

९ जाने., रवि.
प्रोफेसर आगबोटीवर चढताना म्हणाले, विषय सार्थ झाला. होड्या सकाळी आल्या. पारूबायच्या मुलाची नाही. कोणी म्हणतं वाऱ्याने दिघीकडे गेली असेल.

१० जाने., सोम.
दिघीला नाही. शाळेत शिकवलं काय ते आठवत नाही.

११ जाने., मंगळ.
किनाऱ्यावर गेलो. लपण्यात अर्थ नव्हता. पारूबाय वाळूत बसलेली, बाया भोवती. हिराबाई एकटी लांब उभी, तिच्याकडे कोणी बघेना. माझ्या मनात आलं, आता तिला दोष देतील, आणि द्यायला हवा मला.
पारूबायनेच मान वळवली. आवाज उरलाच नव्हता तिचा. "हिरू, तीन वर्सा कशी गं बसलीस तू?"
हिराबाई गेली आणि तिच्याशेजारी बसली. बायांनी सरकून जागा दिली.
मी गा म्हटलं होतं, हे कोणीच काढलं नाही. काही वाहून आलं तर भरतीबरोबरच, आणि ती लागायला अजून तासभर होता. मीही थांबलो.