मागून दिसलेले अप्पा

मंगळवार, संध्याकाळ. जयलक्ष्मीपुरम.

कथा लिहायला बसले होते, पण डोळ्यांसमोर अप्पांचा बूटच येतोय.

इतकी वर्षं आम्ही बापलेक रोज शेजारी-शेजारी तळ्याभोवती चालायचो. गेल्या आठवड्यापासून मी पळायला लागले, त्यामुळे मी पुढे जाते आणि फेरी मारून पुन्हा मागून त्यांना गाठते. म्हणून आज दिसलं. अप्पांचा डावा पाय फरफटतोय. बूट मातीत रेघ ओढत जातो. हे शेजारून कधी दिसलंच नाही? की आत्ताच सुरू झालंय? कुठलं जास्त वाईट?

मी पळणं सोडून हळूहळू त्यांच्या मागे चालायला लागले. त्यांनी वळून पाहिलं.

"काय गं, एवढ्यात दमलीस?"

"अप्पा, पाय दुखतोय का तुमचा?"

"अय्यो, सुम्ने, उगाच काहीतरी विचारू नको! तू पळ."

पळ म्हणाले, आणि स्वतः मात्र उभेच राहिले. मी लांब जाईपर्यंत एक पाऊल टाकलं नाही. म्हणजे त्यांना माहीत आहे.

घरी आईने विचारलं, "अप्पा का मागे राहिले गं?"

"मी पळत आले ना," मी म्हणाले. आता आम्ही दोघं लपवतोय.