उजवा हात कानापर्यंतच

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार. (गुडघे न वाकवता, तुमच्याच पद्धतीने.) घर सोडल्यावर पत्राला तीन महिने लागले, कारण आधी पेन नव्हतं, आणि पेन मिळालं तर धीर होईना. खांदा कसा आहे? आईचं पित्त?

मी मजेत. स्वयंपाक स्वतः करते (करपवतेही स्वतःच, कुणावर अवलंबून नाही). नोकरी व्यायामशाळेत, झाडलोट करायची आणि किल्ल्या सांभाळायच्या. पण मध्यंतरी चाळिशीपुढच्यांचा वर्ग घेणारे मास्तरच पाठ धरून घरी बसले आणि मालक म्हणाले, "तू घे, नाहीतरी रिकामीच असतेस." (रिकामी! आरसे कोण पुसतं? अकरा आहेत. त्यातल्या एकात मी बरी दिसते. ते असो.)

मला व्यायाम येतो कुठला? रोज सकाळी माझ्या खाटेशेजारी तुम्ही करायचात तेवढाच. तोच शिकवला. डावा हात सरळ वर, उजवा कानापर्यंत, मग मोठ्याने "हुश्श!" चौदा माणसं महिनाभर इमानाने तसंच करत होती. शिंपीणबाई तर वर मलाच ऐकवायच्या, "पोरी, तुझ्या हुश्शमध्ये जीव नाही गं!" परवा बँकेतल्या रोखपालकाकांनी विचारलं, "उजवा हात कानापाशीच का थांबतो?" मी ठसक्यात म्हणाले, "पद्धत आहे." आणि म्हणता म्हणता आठवलं, पद्धत कसली, तुम्ही शिडीवरून उजव्या खांद्यावर पडला होतात ना! मग मला एकदम एक आरसा फार मळलेला दिसला, तो बराच वेळ पुसला. आता सगळ्यांना हात पूर्ण वर न्यायला सांगते, पण निम्मे अजून कानाशीच अडतात.

आई फोनवर म्हणाली, तुम्ही व्यायाम सोडलात. भाजी आणतानाही धाप लागते. "आता उठवायचं कुणाला?" असं म्हणता म्हणे. बाबा, ते हुश्श मला उठवायला होतं? मी तर पांघरुणात तुम्हाला शिव्या घालायचे (सौम्य).

आपली,
स्वावलंबी

ता.क. सातव्या प्रकारानंतर मला नेहमी पुन्हा झोप लागायची. आठवा कोणता? वर्ग खोळंबलाय. आठवून सांगू नका, चुकेल. महिनाभर रोज करून बघा, मग कळवा.

ता.क. २. खालून हाक आली म्हणून डोकावले, तर तुम्हीच! चार मजले आहेत, लिफ्ट नाही. "तिथेच थांबा" म्हणून ओरडले, तर हात हलवून चढायलाच लागलात. पत्र हातातच देते. खुर्ची घेऊन खाली निघालेय.