झेनेकच्या हातातली कुऱ्हाड

शिकागो, ८ मे १९२६

चि. हेलेना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. ओढ्यापलीकडे तुमचं ओंडक्यांचं घर उभं राहतंय, सगळा गाव हात लावायला येतोय, हे वाचून आनंद झाला, असं लिहायला हवं. लिहिलं.

फोटोत बाबांची कुऱ्हाड तुझ्या नवऱ्याच्या, झेनेकच्या हातात आहे आणि बाबांचा हात त्याच्या खांद्यावर. हा आपल्या डोंगरातला नव्हे, सपाटीवरचा माणूस, रेल्वेत तिकिटं तपासणारा. लग्नात याला पाव सरळ कापता आला नव्हता. आणि ओंडके कोपऱ्यात एकमेकांत बसवायची खाच बाबा त्याला शिकवतायत. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ती कुऱ्हाड मागत होतो. दर वेळी बाबांनी मला मेंढ्यांकडे पिटाळलं. शेवटी इथे येऊन कत्तलखान्यात गुरं सोलतोय. घराचा एखादा कोपरा वाकडा झाला तर मला जरूर कळव. तेवढंच सुख.

झेनेकला नमस्कार सांगावासा वाटला तर सांग. तुझ्यावर लोभ आहेच.

बार्तेक

वितूफ, २० जून १९२६

ती. बार्तेकदादास,
सा. न. वि. वि.

कोपरे सरळ आहेत. एक ओंडका मात्र झेनेकने वीतभर आखूड कापला. बाबा हसले. तुझ्यावर खेकसले असते, हे मीही जाणते.

पण तुला हेवा वाटतो, तर मला काय वाटावं? मदतीला आलेल्या सगळ्यांचे बटाटे मी उकडते, ओंडक्यांची साल मी काढते, फटींत भरायच्या लाकडाच्या लांब, पातळ ढलप्यांच्या वेण्याही मीच वळते. बोटं कुसळांनी भरलीत. आणि संध्याकाळी जेवायला बसलं की बाबा म्हणतात, बार्तेक असता तर ही तुळई एकट्याने उचलली असती. शेजारी माना डोलावतात. समुद्रापलीकडे बसून तू तुळया उचलतोस आणि मी डोळ्यांसमोर असून दिसत नाही. परवा मी ताटली आपटली. बाबांनी काय झालं विचारलं, मी म्हटलं, निसटली.

कुऱ्हाडीचं मी त्यांना तोंडावर विचारलं. आज त्यांनी माझ्याकडे कागद मागितला.

लोभ आहेच म्हणतोस, तो जरा वाढव.

तुझी धाकटी,
हेलेना

वितूफ, २४ जून १९२६

चि. बार्तेक यास,
आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. तुझा मामा घर बांधताना ओंडक्याखाली गेला, तेव्हा तू पाळण्यात होतास. तुझ्या आईने मला शपथ घातली, पोराच्या हाती कुऱ्हाड द्यायची नाही, आणि का ते सांगायचंही नाही. ती गेली, शपथ राहिली.

झेनेकला दिली, कारण तो दुसऱ्या कुणा आईचा मुलगा. त्याच्यासाठी माझा जीव खालीवर होत नव्हता. हे हेलेनाला कळवू नकोस.

पण परवा तो वाशांवर चढला आणि त्याचा पाय सरकला. पडला नाही. मी शिव्या घालून त्याला खाली उतरवलं. तुला घालायचो त्याच. आता छपराच्या फळ्या मीच वर चढून ठोकतो. शिडी डुगडुगते.

प्रकृतीला जप.

बाबा

शिकागो, २० जुलै १९२६

चि. हेलेना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

बाबांचं पत्र मिळालं. काय लिहिलंय ते विचारू नकोस. या वयात ते छपरावर चढतात आणि तू मला बटाट्यांचं कळवतेस. बोटीचं तिकीट काढलंय. मी येईपर्यंत त्यांना वर जाऊ देऊ नका. आलो की उरलेली साल मी काढीन, तू बस.

बाबांनी झेनेकला शिव्या घातल्या म्हणे. मला घालायचे त्याच. त्याला सांग, कुऱ्हाड तुझ्याकडेच ठेव, पण त्या शिव्या माझ्या होत्या.

बाकी लोभ भेटीत.

बार्तेक