तांदळात लिहायचं नाव

रत्नागिरी,
ता. ९ मार्च १९८८

चि. उल्का,

अण्णाचे आशीर्वाद. आम्ही दोघंही बरे. आई कैऱ्यांच्या लोणच्यात गुंतली आहे, माझा गुडघा त्याच्या मर्जीने वागतो.

सकाळपासून कानात एक जुना आवाज आहे. हजेरीला मी ‘विठू’ म्हटलं की चार बाकांवरून एकदम ‘हजर!’ यायचं. मग ‘खालच्या आळीतला’, ‘बंदरावरचा’ असं करत मी एकेकाला वेगळा काढायचो. त्यातला घोगऱ्या आवाजाचा चिडून म्हणायचा, “गुरुजी, मी कुठलाच नाय. मी मीच!”

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तुमच्या कॉम्प्युटर-यंत्राचा घरकारभार, इथवर मला ठाऊक होतं. पण क्रमांकाची ही गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलोच. यंत्रातल्या प्रत्येक वस्तूला, फाइल म्हण की आणखी काही, असा क्रमांक द्यायचा, की तो जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर सापडू नये. आणि तोही मुख्य कचेरीला न विचारता! यंत्राने कारखान्यातून आलेला आपला क्रमांक घ्यायचा, त्याला घड्याळातला तो क्षण जोडायचा. एकाच यंत्रावर एकाच क्षणी दोघांनी क्रमांक मागितला, तर दुसऱ्याने घड्याळ पुढे सरकेपर्यंत थांबायचं. कोणी घड्याळ मागे फिरवलंच, तर यंत्र ते ओळखून आणखी एक आकडा बदलतं, जुन्याशी गाठ पडू देत नाही. वस्तू पुसली गेली तरी तिचा क्रमांक दुसरीला नाही. आणि हे काम तुझ्या हातचं! मला तर ती वृत्तात बसवलेली ओळच वाटली, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी आईला चालीवर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “तुमच्या चालीपायी लोणच्यात मीठ घातलं की नाही तेच विसरल्ये.”

परवा गुहागरला जाऊन आलो. यष्टी खच्चून भरलेली. श्रीपतीच्या घरची पोफळीची बाग छान राखली आहे. कोकम सरबत दिलं त्यांनी. तुझ्या होणाऱ्या सासूबाई, यमुनाबाई, दाराआड उभ्या होत्या, शब्दही बोलल्या नाहीत. श्रीपतीचे वडील मात्र पुष्कळ बोलले. वारा चांगला होता.

हे काय लिहितोय मी! वाऱ्याचं काय एवढं.

तू लिहिलंस, ‘अण्णा, वाद घालू नका. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुमेधा लिहितील, मी मान हलवीन. ऑफिसात उल्काच राहीन. श्रीपतीसाठी एवढं सोसेन.’ ते पत्र खिशात घालूनच मी गेलो होतो. गप्प बसायचं ठरवून गेलो होतो, खरंच.

“उल्का म्हणजे पडलेला तारा हो,” श्रीपतीचे वडील म्हणाले. “असलं नाव उंबऱ्याच्या आत कोण घेतो?”

“पडलेला नव्हे, पेटलेला,” मी म्हटलं.

“कविता शाळेत, गुरुजी. आमच्याकडे सून आली की नाव नवं. रीत आहे.”

“मग रीतीलाच सून करून घ्या!”

सरबत अर्धंच राहिलं. मी टोपी उचलली. मागून ते म्हणाले, “असं असेल तर वैशाखातली तारीख धरू नका.” मी वळून म्हटलं, “नाही धरत.”

तर उल्का, तारीख मोडली. मी मोडली. आईने तेव्हापासून माझ्याशी अबोला धरला आहे, लोणच्यापुरतं काय ते बोलते. न बोलू दे. मी माफी मागणार नाही, तुझीसुद्धा नाही.

तू जन्मलीस त्या पहाटे सुईणीने मला बाहेर काढलं होतं. मी भाट्याच्या वाळूत येरझाऱ्या घालत होतो, आणि आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ पेटत गेली. आई अजून सुनावते, “मी कळा देत्ये आणि हे वाळूत तारे बघतायत!” पण ती जागा आणि तो क्षण जोडूनच मी तुझं नाव केलं. भटजींना विचारलं नाही, पत्रिका पाहिली नाही. तुझ्या यंत्राने तरी वेगळं काय केलं असतं? एकदा दिलेलं बदलायचं नाही, हे तू त्याला शिकवतेस, आणि स्वतः मूठभर तांदळापुढे मान हलवणार?

श्रीपती चांगला मुलगा आहे, पण वडिलांपुढे त्याची जीभ उचलत नाही. ती उचलली तर त्याला घेऊन ये. रजिस्टर लग्न करा, साक्षीदार मी. नाही उचलली, तर तुझं तू ठरव. माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागव. पण उल्का म्हणून रागव.

थांब. कोणीतरी कडी वाजवतंय.

पुन्हा लिहायला बसलो आहे. आईने आतूनच “कोण?” म्हणून विचारलं. बाहेरून बाईमाणसाचा आवाज आला, “मी सगुणा.” या नावाचं आमच्या ओळखीत कोणी नाही. मग तोच आवाज हळू म्हणाला, “गुहागरची यमुनाबाई हो. तांदळात लिहायच्या आधीची सगुणा. घरात न सांगता आल्ये.”

एकट्या आल्या आहेत. चपलांवर तांबडी धूळ आहे. आईने हात धरून त्यांना आत घेतलं. त्या म्हणतायत, “अण्णा, पत्र मुलीलाच ना? मग मला दोन ओळींची जागा ठेवा.”

ठेवली आहे.

उल्काचा बाप,
अण्णा