नऊ ठिपके

४ नोव्हेंबर, मंगळवार
फोन उघडेना. अर्णवने दिवाळीत आणून दिला तेव्हा लॉक शिकवलं होतं — नऊ ठिपके, त्यांवरून बोट झेडसारखं फिरवायचं. पंधरा दिवस तेच करतेय. आज पाच वेळा 'चुकीचं'.
हे म्हणाले, "आण इकडे. चष्मा आत आहे." आत नेला, उघडून बाहेर आणला. "अगं, यू आहे. पहिल्यापासून यूच आहे."
पहिल्यापासून? मग मी झेड कुठून आणला?

५ नोव्हेंबर
जुन्या बटणांच्या फोनवर पाचाला बारीक उंचवटा होता. न बघता नंबर लावायची मी. ह्या काचेवर बोटाला काही लागतच नाही. दोघांत हा एकच फोन, आणि लेक अर्णव बंगळूरला. उगाच घाबरतेय झालं.

९ नोव्हेंबर
आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग गॅस. शेवटी माझाच हात धरून — "आपण कोण?"
लिहायचं नव्हतं हे. लिहिलं.

१० नोव्हेंबर
स्वतःची तोंडी परीक्षा घेतली. लोणावळ्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं लोकलने शिकवायला गेले. तळेगावहून वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा — घडाघडा. पुण्याकडून येताना मात्र अडकले. देहूरोड, बेगडेवाडी... पुढचं येईना! घोरावाडी. दुपारी भात उतरवताना आठवलं.
ह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तळेगावच्या अलीकडचं स्टेशन कुठलं हो?" हसले. "शिक्षिका तू. तूच सांग."
ह्यांना कळू द्यायचं नाही. अर्णवला तर नाहीच.

१४ नोव्हेंबर
पुन्हा! आता यूसुद्धा चालेना. हे पुन्हा फोन घेऊन आत गेले, बाहेर आले. "एल आहे, चंद्रिका. किती वेळा सांगायचं?" आवाज चढला होता. एकेचाळीस वर्षांत असे बोलले नाहीत कधी. इतका त्रास देते का मी? मोरीत नळ सोडून रडले.

१५ नोव्हेंबर
डॉक्टरांकडे नंबर लावला, सोमवारी संध्याकाळचा. डोकं तपासायला. ह्यांना सांगितलं, डोळे.

१६ नोव्हेंबर
भांड्यांना येणाऱ्या सविताने मला वहीवर एल गिरवताना पकडलं. एवढी लाज वाटली! म्हणाली, "मावशी, गिरवता कशापायी? कागदावर काढायचं न् फोनच्या कव्हरमदी घालायचं. आमी समदं तितंच ठेवतो. कुणी न्हाई बघत."
हुशार आहे पोरगी. उद्या हे भाजी आणायला गेले की करते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
कव्हर काढलं. आत आधीच एक चिठ्ठी होती. ह्यांचं अक्षर.
नऊ ठिपके, तीनदा काढलेले. झेड खोडलेला, शेजारी 'अवघड'. यू खोडलेला. एलभोवती गोल.
खाली —
मुलगा अर्णव.
हिचं नाव चंद्रिका.
हिला कळू द्यायचं नाही.