‘या हं’ म्हणू नये

३ जुलै २००६
पोचले बाई एकदाची! चेन्नईजवळ आवडी गावात ताई-भावोजींचं फॅक्टरीचं क्वार्टर ऐसपैस आहे. मेडिकल असिस्टंटचा सहा महिन्यांचा कोर्स. सकाळी वर्ग, दुपारी नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात प्रॅक्टिकल. बीपी, इंजेक्शन, ड्रेसिंग, ईसीजी. पुढे मोठ्या हॉस्पिटलात नोकरी, अनुभव आला की ऑपरेशन थिएटर. स्वरदाताई म्हणते, लग्नाचं नंतर बघू, आधी स्वतःच्या पायावर उभी राहा.

१२ जुलै
दवाखान्यात शिकवायला जयवंतीअक्का आहे. तंजावरकडची, मराठी अगदी बखरीतलं. आज चांगलीच रागावली. निघालेल्या पेशंटना मी सवयीने ‘या हं’ म्हणते, तमिळमध्येही तेवढंच शिकलेय, ‘पोयिट्टु वांगा’. म्हणाली, “दवाखान्यातून जाणाऱ्यास ‘या’ म्हणू नये गे. बोलाविल्यास येतात.” मी हसले. संध्याकाळी नेहमी बीपी तपासायला येणाऱ्या वेंकटरमण मामांना छातीत कळ आली म्हणून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. अँब्युलन्सचं दार लावताना तोंडातून गेलंच, या हं.

१४ जुलै
मामा वाटेतच गेले, असा काल फोन आला होता. आज ते दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. नाडी बघितली. लागली नाही. वाटलं, माझा हात अजून कच्चा. अक्काने त्यांच्याकडे बघितलंच नाही.

२ ऑगस्ट
बाकावर आता चौघं. सगळे मी ‘या’ म्हटलेले, सगळे गेलेले. काही मागत नाहीत. पहिल्यांदा फार घाबरले, आता काहीच वाटत नाही. बोटं बधिर झालीत. कोर्स सोडू नकोस, ताई म्हणते. तिला काही सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट
ताईचा ताप उतरेना. आमच्याच दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात हलवली. स्ट्रेचरवरून म्हणाली, “येते गं.” आणि बघत राहिली, मी ‘ये’ म्हणेन म्हणून. मी ओठ घट्ट मिटले. त्या बाकावर तिला बसू द्यायची नव्हती.

२१ ऑगस्ट
ताई गेली. भावोजी रडतात. मला रडू येत नाही.

२४ ऑगस्ट
बाकावर सगळे येतात. तीच नाही. तिला स्मशानात न्यायच्या वेळीसुद्धा मी ‘ये’ म्हटलं नव्हतं. अक्का म्हणाली, शहाणी आहेस. शहाणी कसली.

२५ ऑगस्ट
म्हटलं. तिच्या फोटोपुढे बसून म्हटलं, ताई, ये.

२६ ऑगस्ट
बाकावरचे सरकून बसलेत. मध्ये जागा —
अक्का उठून बाहेर गेली.
ताई आली. हात गार. नाडी — पुन्हा बघते — नाही.
रागावलेली नाही. एवढंच विचारते, “तेव्हा ‘ये’ का नाही म्हणालीस? मी वाट बघत होते.”
ताई, मी —