धुतलेल्या बाटल्या

३ मार्च

सापडलं! तलावाच्या पाण्यात परक्या मुलखातल्या शिंपल्याचं पिल्लू, एकदा शिरला की तलावभर पसरतो म्हणे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण मायक्रोस्कोपखाली अंधार करून तो खास उजेड सोडला की चांदणीसारखं चमकतं. तीन वर्षांत पहिलंच. आणि लॅबचे साहेब कोणावर घसरले? माझ्यावर! "मावशी, पाणी गाळायचं जाळं नीट धुतलं नाहीत. दुसऱ्या तलावातलं चिकटून आलं."

धुतलं होतं. गरम पाण्यात, घासून. बाटल्याही तशाच. व्हिनेगर संपलं होतं, ते काय घरून आणू? पंधरा दिवस मागतेय.

४ मार्च

पाय दुखतात. झोपते.

६ मार्च

व्हिनेगरचा कॅन आला — वरातीमागून घोडं! जाळं भिजवलं. बाटल्याही नेहमीसारख्या व्हिनेगरने खळखळून काढल्या. वर पाणी नाही मारत मी. धुतलेल्यावर परत कशाला नळाचं पाणी? बाटल्यांचं कोणी सांगितलेलं नाही, मी आपली मनानेच करते. कौतुक शून्य.

घरी आमचे हे वैतागलेले. त्याच तलावावरच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर असतात. "वर्षभर धापा टाकतोय पंप, पाणीच ओढत नाही." म्हटलं, धापा मीही टाकते, मला कोण खोलून बघतंय?

११ मार्च

त्याच तलावाचं पाणी परत आणलं, माझ्या बाटल्यांत. एकही चमकलं नाही. साहेब खूश. "बघा, नीट धुतलं की कसं!" महिनाअखेरीला मला काढणार. निष्काळजी म्हणे. मी! हात सोलले माझे तीन वर्षं.

१३ मार्च

मायक्रोस्कोपवरची मॅडम भली आहे. ते पहिलं पिल्लू काचेवर ठेवून म्हणाली, "या मावशी, बघा तरी, कोणापायी नोकरी चाललीय."

डोळा लावला. काय चमकत होतं मेलं! हातमोजा माझा व्हिनेगरने ओला, टपकन थेंब पडला काचेवर. मॅडम ओरडली — "अहो, चुन्याचं कवच असतं त्याचं! आंबटाने विरघळतं!"

मी डोळा काढला नाही. बघता बघता विझलं.

मॅडमला वाटलं, मी पिल्लासाठी रडतेय.

गप्प बसले तर नुसती नोकरी जाईल. बोलले तर — "तलाव स्वच्छ, तलाव स्वच्छ" लिहिलेले तीन वर्षांचे सगळे कागद खोटे. जेवण गेलं नाही.

१४ मार्च

ह्यांनी पंप खोलला. आत शिंपल्यांचे थरच्या थर! ओंजळभर घरी आणले, मला दाखवायला.

१६ मार्च

त्यातला एक साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, जाळं धुतलंच होतं साहेब. आणि बाटल्याही. तीन वर्षं.